सांचोचे न्यायनिवाडे वगळू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अभिजात विनोदी कादंबऱ्यांवर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसच्या 'डॉन क्विक्झोट'च्या वाट्याला जेमतेम दीड परिच्छेद आला आणि तोही सगळा पवनचक्क्यांवर खर्ची पडला. शूरवीरांच्या पोथ्या वाचून डोकं फिरलेला एक म्हातारा, त्याच्यामागे गाढवावर बसून निघालेला अडाणी चाकर, आणि या दोघांच्या मूर्खपणावर चारशे वर्षं हसणारं जग, असा लेखाचा एकूण सूर आहे. तो मला मान्य नाही.

पवनचक्क्या पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात येतात आणि दोन-तीन पानांत संपतात. दोन्ही भागांची मिळून प्रकरणं आहेत १२६. पहिला भाग निघाला १६०५ साली, दुसरा १६१५ साली. मूर्ख नेमकं कोणाला म्हणायचं, याचा खरा कस लागतो तो या दुसऱ्या भागात. तिथे तिसाव्या प्रकरणात एक ड्यूक आणि डचेस भेटतात. दोघांनी पहिला भाग वाचलेला असतो. पुस्तकातला वेडा आयताच हाती लागला म्हटल्यावर ते त्याला सन्मानाने वाड्यावर नेतात आणि अख्खा वाडा त्याची थट्टा करायच्या कामाला लावतात. डोळे बांधून लाकडी घोड्यावर बसवतात, भात्याने वारा घालून आकाशात उडतोय असं भासवतात आणि शेवटी घोड्याच्या पोटातल्या फटाक्यांना बत्ती देतात. एका रात्री त्याच्या खिडकीवर घंटा बांधलेल्या मांजरांचं पोतं रिकामं करतात. एक मांजर नाकालाच चिकटतं आणि म्हातारा पाच दिवस अंथरुणाला खिळतो. हे सगळं करणारी माणसं शहाणी, सुशिक्षित, खानदानी. सर्व्हांतेसने पुढे सत्तराव्या प्रकरणात स्वच्छ लिहिलं आहे, की दोन वेड्यांची टर उडवायला एवढा आटापिटा करणारे हे नवरा-बायको स्वतःही वेडे ठरायला दोन बोटंच कमी होते.

मी तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून नोकरी केली. आमच्या आवारात एक गृहस्थ रोज यायचे. जमिनीच्या दाव्यात सगळं गेलेलं, डोक्यावर परिणाम झालेला, काखेत कागदांचं बोचकं. दुपारच्या सुट्टीत काही मंडळी त्यांना चिंचेखाली खुर्चीवर बसवायची, अंगावर काळा कोट चढवायची आणि वादी-प्रतिवादी बनून खोटी तक्रार मांडायची. ते मात्र दोन्ही बाजू मन लावून ऐकायचे आणि हटकून विचारायचे, "कागद आहे का?" प्रश्न अगदी रास्त असायचा. त्यावर हशा पिकायचा. हसणारे सगळे शिकलेले होते. पुढे मोबाईल आले तसं त्याचं चित्रीकरणही होऊ लागलं. ड्यूकच्या वाड्यातली प्रकरणं मी वाचतो तेव्हा मला हसू येत नाही, राग येतो. तो राग लेखकाला अपेक्षित होता असं मी मानतो.

त्याच थट्टेचा भाग म्हणून ड्यूक त्या अडाणी चाकराला, सांचो पांझाला, 'बेट' बहाल करतो. ते बेट नव्हेच, हजारेक वस्तीचं गाव आहे. सांचोला लिहिता-वाचता येत नाही. त्याला न्यायासनावर बसवायचं आणि तो काय गोंधळ घालतो ते लिहून कळवायचं, असा बेत. पहिल्याच दिवशी दोन म्हातारे उभे राहतात. एकाचं म्हणणं, याने माझ्याकडून सोन्याची दहा नाणी उसनी घेतली, परत करत नाही. दुसरा शपथेला तयार होतो. शपथ घेताना हातातली काठी जरा धरायला म्हणून तो सावकाराकडे देतो, पैसे याच्या हातात परत दिले असं शपथेवर सांगतो, आणि काठी परत घेऊन चालू लागतो. सांचो मान खाली घालून, नाकावर बोट टेकवून थोडा वेळ गप्प बसतो. मग त्या म्हाताऱ्याला माघारी बोलावतो, काठी सावकाराला देऊन टाकतो आणि ती सगळ्यांसमोर फोडायला लावतो. आतून दहा नाणी निघतात. शपथ शब्दशः खरी आणि व्यवहार लबाडीचा, अशा साक्षी मी जन्मभर ऐकल्या. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघणारे न्यायाधीश मला फार थोडे भेटले.

एक्कावन्नाव्या प्रकरणातला पुलाचा खटला तर कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असा आहे. पूल ओलांडणाऱ्याने कुठे चाललो ते शपथेवर सांगायचं. खरं असेल तर सोडायचं, खोटं असेल तर फाशी. एक जण सांगतो, "मी त्या फासावर मरायला चाललोय." फाशी दिली तर तो खरं बोलला, सोडला तर खोटं. सांचो म्हणतो, सोडण्याची आणि मारण्याची कारणं सारख्याच वजनाची आहेत, तेव्हा सोडा. न्यायाबद्दल शंका असेल तिथे दयेकडे झुकावं, असं धन्याने निघण्याआधी सांगितलं होतं, ते त्याला ऐनवेळी आठवतं. म्हणजे हा सल्ला कोणाचा? ज्याला जग वेडा म्हणतं त्याचा!

सर्व्हांतेसने हे हवेतून आणलेलं नाही. तो सरकारी करवसुलीवर होता. वसुलीची रक्कम ज्या सावकाराकडे ठेवली त्याचं दिवाळं निघालं आणि १५९७ मध्ये सर्व्हांतेसला सेव्हिलच्या तुरुंगात जावं लागलं. हिशेब, शपथा आणि अधिकारी यांचा अनुभव त्याने चांगलाच घेतला होता.

शेवटी वाड्याची माणसं रात्री खोटा हल्ला करतात, सांचोला पुढून-मागून दोन ढाली बांधतात आणि खाली पडलेल्या त्याला तुडवतात. पहाटे तो न बोलता कपडे चढवतो, तबेल्यात जातो आणि गाढवाच्या कपाळाचा मुका घेतो. ड्यूकला सांगा, म्हणतो, मी कवडी न घेता आलो आणि कवडी न घेता चाललो. वाटेसाठी मागतो काय, तर गाढवाला थोडे जव आणि स्वतःला अर्धी भाकरी, अर्धं चीज. थट्टेला आलेली माणसं त्याला मिठी मारतात आणि तो रडत रडत सगळ्यांना मिठी मारतो.

लेखमाला पुढे चालू राहणार असल्याचं आपण म्हटलं आहे. तिच्यात दुसऱ्या भागातल्या ४५, ५१ आणि ५३ या प्रकरणांना सविस्तर जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती. जागा अपुरी पडत असेल तर पवनचक्क्या वगळाव्यात, त्या सगळ्यांना ठाऊक आहेत.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जि. सातारा