पाणी घालून मारलेलं झाड

प्रिय दत्त्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकला. "बांधावर पाण्याशिवाय जगणारं आणि फुलणारं कायतरी सांग" म्हणालास आणि मला हसूच आलं, कारण गेली तीन वर्षं मी इकडे सॅन डिएगोत त्याच भानगडीत आहे. आज रविवार, बायको-पोरं बाहेर गेलीत, म्हणून निवांत लिहितोय.

इथल्या डोंगरात एक झुडूप आहे, क्लीव्हलँड सेज. डॅनियल क्लीव्हलँड म्हणून इथला एक वकील होता, एकोणिसाव्या शतकातला, वकिली सांभाळून डोंगरातली झाडं गोळा करत फिरायचा, त्याचं नाव दिलंय. जात तुळशीच्या कुळातली, दांडी बोटात फिरवली की चौकोनी लागते. तू सकाळी चिया सीड्स भिजवून पितोस ना (वहिनींचं स्टेटस पाहिलं मी), ती पण ह्याच साल्व्हिया वंशातली, म्हणजे ह्याची बहीणच. पानं राखाडी हिरवी, सुरकुतलेली, चोळलं की वास दुपारपर्यंत हाताला राहतो. आणि फूल कसं सांगू, आपल्या ओढ्याच्या कडेला पडीक जागेत दीपमाळ उगवते बघ, नारिंगी फुलांची, एका दांडीवर गेंदावर गेंद, अगदी तीच ठेवण पण रंग निळा-जांभळा. मे-जूनमध्ये भुंगे आणि ते हमिंगबर्ड नुसते तुटून पडतात.

तर पहिलं झाड मी मारलं.

मृग लागला की लावणी हे डोक्यात इतकं बसलंय की जूनमध्येच लावलं. इथं उलटं असतं रे, पाऊस नोव्हेंबर ते मार्च, नंतर ऑक्टोबरपर्यंत जवळपास थेंब नाही. वर्षाचा सगळा मिळून सरासरी १० इंच, म्हणजे २५० मिलिमीटर, आपल्या माणदेशात सुद्धा ह्याहून जास्त पडतो. नळाला येतं ते बरंचसं कोलोरॅडो नदीचं पाणी, वाळवंटातनं कालव्यानं आणलेलं, तुमच्याकडे टेंभू उपसा योजनेचं चढवून आणतात तसंच समज. मी दोन फुटी खड्डा घेतला, शेणखताची अख्खी पिशवी ओतली आणि गुलाबाच्या ड्रिपला जोडून दिलं. महिनाभर काय फुटलंय म्हणतोस! ऑगस्टमध्ये दुपारची पानं माना टाकायला लागली, मला वाटलं तहान लागली असंल, ड्रिप दहा मिनिटाचं वीस मिनिट केलं. आठ दिवसात गेलं. उपटलं तर मुळं काळी, साल बोटानी ओढली की उकडलेल्या शेंगेच्या टरफलासारखी निघून येत होती आणि वास गटारीचा. म्हणजे तुमच्या डाळिंबाचा मर रोगच की! नर्सरीवाला म्हणाला, गरम मातीत पाणी साचलं की मूळ कुजतं, कुजलेलं मूळ पाणी वर ओढू शकत नाही म्हणून झाड तहानल्यासारखं दिसतं, आणि माणूस अजून पाणी घालतो. टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस मी, आणि मी पाणी पाजून झाड मारलं, हे गावात कुणाला बोलू नको.

दुसरं नोव्हेंबरात लावलं. आमची माती चिकट, म्हणून खड्डा नाही, फूटभर उंचवटा केला आणि त्याच्या डोक्यावर झाड. खत शून्य, खतानं नुसतं उंच होऊन लोळतं. बुडाशी बारीक खडी. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यातनं एकदा पहाटे बादलीभर पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात कायच नाही. पण ते बघवत नाही रे. ऑगस्टमध्ये निम्मी पानं गळली, राहिलेली सुरळी होऊन बसली, बायको म्हणाली उपटून टाक आता. मग तुझी आठवण झाली, बहार धरायच्या आधी तू पाणी तोडून डाळिंबाला ताण देतोस, पानं गळेपर्यंत थांबतोस. हे झाड स्वतःच स्वतःला ताण देतं, एवढाच फरक.

त्यात आई आली होती तेव्हा. तांदळाचं धुवण सिंकमध्ये ओतलेलं तिला बघवेना, रोज सकाळी गुपचूप पातेलं घेऊन त्याच झाडापाशी. एक दिवस खडी ओली दिसली म्हणून सापडली. "वाळून चाललंय लेकरू" म्हणाली. मोगऱ्याची कुंडी आणून दिली, सगळं धुवण तिकडं, तेव्हा कुठं मिटलं.

सुकलेले गेंद मी तोडत नाही, पिवळ्या बारक्या गोल्डफिंच पक्ष्यांना त्यातलं बी लागतं. नंतर शरदात वरनं एक तृतीयांश छाटायचं, जुन्या लाकडापर्यंत जायचं नाही. मी एक फांदी खालनं कापली तर अजून खुंटच आहे.

आता तुझ्या बांधाचं. हे लावू नको. तुमच्याकडं पाऊस नेमका गरम दिवसातच पडतो, जुलै-ऑगस्टच्या ओल्यात ह्याची मुळं जातील. तू निर्गुडी लाव की. निळे तुरे येतात, पानाला वास, शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि ओढ्यावर फुकट आहे. पावसाळ्याच्या तोंडाला बोटाएवढे फाटे रोवून दे, पहिल्या वर्षी जरा लक्ष ठेव, बास.

हस्त बहाराला यंदा किती दिवस ताण मिळाला? का परतीच्या पावसानं मधेच तोडला? वहिनींना नमस्कार, आणि निर्गुडी लावलीस की फोटो टाक.

तुझा,
सुन्या