वाळूवरची क्वाड आणि डांबरावरची क्वाड

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक बेटांच्या भटकंतीवर आलेला लेख आवडीने वाचला. एजियन समुद्राचा निळा रंग, चुन्याने रंगवलेली घरे आणि बंदराजवळच्या दुकानातून भाड्याने घेतलेली क्वाड बाइक (चार जाड चाकांची, हँडलने वळवायची उघडी गाडी) यांचे वर्णन लेखकाने मनापासून केले आहे आणि त्यात खोटे काहीच नाही. मात्र ‘परवाना दाखवा, किल्ली घ्या आणि निघा’ अशा एका वाक्यात लेखाने जो भाग उरकला आहे, त्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माझी उभी हयात गेली, आणि गेल्या सप्टेंबरात पत्नीसह पारोस बेटावर मी चार दिवस क्वाड चालवली. त्यामुळे हे लिहिणे केवळ ऐकीव माहितीवर नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची क्वाडशी ओळख होते ती नागाव किंवा काशीदच्या पुळणीवर. दहा मिनिटांची फेरी असते, वाळू मऊ असते, समोरून काही येत नसते, आणि उतरताना ‘यात काय कठीण आहे’ असे वाटून जाते. ग्रीसमध्ये नेमके उलटे आहे. तिथे पुळणीवर वाहन नेण्यास मनाई आहे आणि क्वाड मात्र रीतसर नंबर प्लेट लावून डांबरी रस्त्यावर, पर्यटकांच्या बसगाड्या आणि मालवाहू ट्रक यांच्या मधून चालते. म्हणजे आपण जे वाहन वाळूवर शिकतो, तेच तिथे घाटरस्त्यावर हाती येते, तेही उजव्या बाजूने चालवायचे.

हा फरक केवळ रस्त्याचा नाही, यंत्राच्या बांधणीचाही आहे. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि मोटारीत ही तफावत डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दातेरी चाकांचा संच, सांभाळतो. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच लहान क्वाडमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. वाळूत आतले चाक थोडे घसरते आणि काम भागते. डांबरावर ते पकड सोडत नाही, गाडी सरळ जाऊ पाहते, मग चालवणारा हँडल जोराने ओढतो, आणि वेग जास्त असेल तर गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते. शिवाय ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो आणि त्या भरात अंगठाही दाबला जातो. माझ्या पत्नीने पहिल्याच वळणावर ‘अहो, हळू’ म्हटले तेव्हा माझे नेमके हेच झाले होते, हे इथे कबूल करतो. गाडी उलटली तर दोन-तीनशे किलोंचे लोखंड अंगावर येते. शेतावरील अशा मृत्यूंमुळे ऑस्ट्रेलियात २०२१पासून शेतीकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट सक्तीची करण्यात आली. बेटांवरच्या भाड्याच्या गाड्यांवर मला ती एकाही ठिकाणी दिसली नाही.

आता परवान्याविषयी. क्वाडला चार चाके असल्याने तिथे मोटारीचा परवाना लागतो, केवळ दुचाकीचा परवाना चालत नाही. भारतीय नागरिकाला त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही जवळ बाळगावा लागतो. आपल्या आरटीओकडून तो १,००० रुपये शुल्कात मिळतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. हे काम घरून निघण्यापूर्वीच करावे. मी तो नेला होता, पण ज्या दुकानातून गाडी घेतली तिथे तो कोणी मागितलाच नाही. क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवली, एका कागदावर सही घेतली आणि किल्ली हाती दिली. पुष्कळांना हा सोयीचा कारभार वाटेल. वस्तुतः धोका इथेच आहे, कारण पोलिसांनी अडवले किंवा अपघात झाला तर जबाबदारी दुकानदाराची नसते, आणि वैध परवाना नसलेल्या चालकाचा दावा विमा कंपनी सहज फेटाळू शकते. अनेक प्रवास विमा पॉलिसींमध्ये क्वाड बाइक हा प्रकारच वगळलेला असतो. भाड्याच्या करारातील विमाही बहुधा टायर, गाडीची खालची बाजू आणि कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान यांना लागू होत नाही. कच्च्या रस्त्यांसाठी म्हणून घेतलेल्या गाडीला कच्च्या रस्त्याचाच विमा नसावा, याला काय म्हणावे!

इतके सारे लिहूनही मी क्वाडच्या विरोधात नाही. पारोसवरचे ते चार दिवस आम्हा दोघांना जन्मभर पुरतील. पारिकिया या बेटाच्या मुख्य गावाहून डोंगरातल्या लेफकेस गावाकडे जाताना वाटेत एक वस्ती लागते, तिचे नाव चक्क ‘माराथी’. पाटी पाहून मी गाडी थांबवलीच. आपल्या भाषेशी त्या नावाचा काही संबंध नाही. ग्रीकमध्ये बडीशेपेला ‘माराथो’ म्हणतात, मॅरेथॉनच्या नावाचे मूळही त्यातच आहे. या माराथीत पारोसच्या जगप्रसिद्ध संगमरवराच्या प्राचीन खाणी आहेत. दगड डोंगराच्या पोटातून, दिव्याच्या उजेडात काढावा लागे, म्हणून प्राचीन काळी त्याला दिव्यावरूनच नाव पडले होते. भुयाराच्या तोंडाशी उभे राहून बॅटरीचा झोत टाकला की भिंतीतून उजेड किंचित आत शिरल्यासारखा दिसतो. पुढे रस्ता लेफकेसला चढतो. तिथल्या गल्ल्यांत वाहन नेता येत नाही, गाडी गावाबाहेर लावून पायीच फिरावे लागते. मग प्रोद्रोमोस, मार्पिसा अशी गावे घेत पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरता येते. उघड्या गाडीवर वाऱ्यासोबत येणारा रानटी वनस्पतींचा वास बंद मोटारीत मिळत नाही, हे त्या लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एका खानावळीत जेवून निघालो तेव्हा रस्ता रिकामा होता आणि मी सवयीने डाव्या बाजूने शंभरेक मीटर गेलो. समोरून आलेल्या आजोबांनी आपली जुनी पिकअप थांबवली आणि हसून हाताने दिशा दाखवली. त्यांच्या जागी बस असती तर हे पत्र लिहायला मी नसतो.

सँटोरिनीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. सुमारे ७६ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर सूर्यास्त पाहायला फिरा या मुख्य गावाहून ओइआ (उच्चार ‘ईआ’) गावाकडे निघणारी गर्दी, कड्याच्या अंगाने जाणारा अरुंद रस्ता आणि त्यावरच्या मोठ्या बस, हे पाहता पहिल्यांदाच क्वाड चालवणाऱ्याने तिथे ती घेऊ नये. स्थानिक बससेवा चांगली आहे आणि ऐन हंगामात छोट्या मोटारीचे भाडेही क्वाडपेक्षा फार जास्त नसते. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा ऐन भरात असतो, त्या दिवसांत तर उघड्या चढावर क्वाड सांभाळणे अनुभवी माणसालाही जड जाते. लहान बेटांवर वैद्यकीय सोयीही मर्यादित असतात. पारोसवर आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर जखमीला पुढे अथेन्सला हलवावे लागते.

ग्रीक लोक बोलीभाषेत क्वाडला ‘गुरुना’ म्हणजे डुकरीण म्हणतात. चार दिवस ती हाकल्यावर त्या नावामागचा विनोद मला नीट कळला.

आपणास विनंती अशी की, पुरवणीत परदेशातील वाहनभाड्याविषयी लेख छापताना त्याच पानावर लहानशी चौकट द्यावी. कोणता परवाना लागतो, आरटीओकडे तो कसा मिळतो, आपल्या पॉलिसीत क्वाड वगळली आहे का हे कुठे पाहायचे आणि गाडी ताब्यात घेताना टायर, ब्रेक व हेल्मेट यांत काय तपासायचे, एवढे त्यात असले तरी पुरे. हेल्मेटविषयी स्वतंत्र ओळ असावी, कारण आम्हाला मिळालेल्या दोनपैकी एकाचा पट्टा तुटलेला होता आणि तो बदलून घ्यायला दुसऱ्यांदा दुकानात जावे लागले.

आपला,
एक नियमित वाचक,
नाशिक