मुलतानी आणि ४५ मिनिटं

प्रिय मित्रा,

गायनाच्या परीक्षेतलं मंचप्रदर्शन झालं एकदाचं. फोनवर तू इतकं काही विचारत होतास की घाईघाईत उत्तरं देणं जिवावर आलं, म्हणून हे पत्र. पुढच्या सत्रात तुझीही पाळी आहे, तेव्हा तुझ्या कामाचं असेल तेही लिहितो. तुझा पहिलाच प्रश्न होता, एकट्यानं ४५ मिनिटं भरून कशी काढायची? अरे, ती भरायची काळजीच करू नकोस. ती पुरत नाहीत!

मला दुपारी चारची वेळ मिळाली होती. यमन किंवा बागेश्री वर्षभर घोटलेला असतो, म्हणून बरेच जण वेळ कुठलीही असो, तोच गातात. परीक्षेच्या नियमात ते बसतंही. पण चार वाजता बसायचंय तर त्या वेळेचाच राग गावा, असं मनानं घेतलं. भीमपलास हाताशी होता, तो त्या मानानं सोपाही गेला असता. मी मुलतानी धरला, कारण या रागाची मला मनापासून ओढ आहे. त्यातला तीव्र मध्यमावरून कोमल गंधारावर येणारा उतार ऐकला की अजूनही आत काहीतरी हलतं. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी याला परमेलप्रवेशक, म्हणजे एका रागसमूहातून दुसऱ्यात नेणारा राग, म्हटलं आहे. दुपारच्या रागांचा कोमल गंधार यात आहे आणि संधिप्रकाशाच्या वेळचे कोमल रिषभ-धैवतही आहेत. वर्गात हे पाठ केलं होतं, पण एका संध्याकाळी ऊन कलताना रियाझाला बसलो, तेव्हा ते पहिल्यांदा कळलं.

मुलतानीचं अवघडपण तुला ठाऊकच आहे. सूर सगळे तोडी रागाचे. आरोहात रिषभ-धैवत घ्यायचे नाहीत, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून उचलायचं: नि सा ग म प. उतरताना दोघंही येतात, पण त्यांच्यावर थांबायचं नाही. रिषभावर जरा रेंगाळलास की तोडी दारात येऊन उभी राहते. म्हणून पहिले कित्येक दिवस मी बंदिशीला हातच लावला नाही. तानपुरा लावायचा आणि ‘नि सा, म ग प’ एवढीच संगती आकारात घेत राहायची. मध्यमावरून गंधारावर येताना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी सलग घसर, तुटता कामा नये, आणि पंचमावर आल्यावर तिथं स्वस्थ बसता आलं पाहिजे, कारण वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर, तोच आहे.

खरं काम लागलं ते आराखडा करताना. माझ्या वहीत विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, मध्यलयीतली एक बंदिश, द्रुत म्हणजे जलद बंदिश, त्यावर तराणा आणि शेवटी दादरा, असा भरगच्च बेत होता. माझ्या गाण्याच्या मॅडमनी वही पाहिली आणि हिशेब करायला सांगितलं. विलंबित एकतालाच्या १२ मात्रा. एका मात्रेला ४ सेकंद धरले तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, ४८ सेकंदांचं. विलंबिताला २५ मिनिटं दिली तरी जेमतेम ३१ आवर्तनं हाती येतात. त्यातून स्थायी-अंतरा मांडण्याची आवर्तनं वजा कर. उरलेल्यात मंद्रापासून तार षड्जापर्यंत बढत म्हणजे सुरासुरानं विस्तार, बोलआलाप, सरगम, ताना. मॅडमनी एवढंच विचारलं, “मग पंचमावर कधी पोचणार?” आणि पेन्सिलीनं तराणा खोडला. मध्यलयीची बंदिश दुसऱ्या दिवशी मीच काढली. तराण्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, त्यावर खूप मेहनत झाली होती. पण तो गेल्यावर निषाद-षड्जाभोवती निवांत फिरायला जागा मिळाली आणि राग श्वास घेऊ लागला. माझं तुला कळकळीचं सांगणं हेच आहे: काय गायचं याची यादी लवकर कर, आणि त्यातलं काय सोडायचं हे त्याहूनही लवकर ठरव. परीक्षक तुझा साठा मोजायला बसलेले नसतात. राग उभा राहतोय का, तेच ते पाहतात.

साथीदारांना आधीपासून बरोबर घे. तबल्यावर जो मित्र होता, त्याच्याबरोबर तालमी अगदी सुरुवातीलाच ठेवल्या. विलंबित ठेका ज्याचा त्याचा वेगळा असतो. मात्रा कशी भरतो, समेआधी, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेआधी, कुठला बोल ठळक करतो, हे कानात बसलं की मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडताना बोटांवर मात्रा मोजाव्या लागत नाहीत. पेटीवाल्या ताईंशी मात्र नीट बसून बोलावं लागलं. मुलतानीचा गंधार मींडेतून येतो आणि पेटीला मींड नाही. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती पुढं अनेक वर्षं टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. ताईंनी फार समजुतीनं साथ केली. मी म-ग वर असलो की त्या मागं सरत, खालचा षड्ज धरून ठेवत आणि मी पंचमावर आलो की भरून वाजवत. अशी साथ मिळाली की गाणाऱ्याला केवढा धीर येतो!

प्रत्यक्ष दिवसाचं थोडक्यात सांगतो. तानपुरे सभागृहात निदान तासभर आधी नेऊन ठेव. खोलीत लावलेला तानपुरा मंचावर तसाच राहत नाही. मग शेवटचा बारीक फरक तारेतल्या मण्यांनी काढायचा आणि जवारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा पुन्हा एकदा सरकवून पाहायचा. दिव्यांच्या उष्णतेनं तबल्याचा सूरही चढतो, त्यामुळे द्रुत सुरू करण्याआधी तबलजीला हातोडी फिरवायला वेळ दे. लोक वाट पाहतात, काही बिघडत नाही. आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याला सांगून मंचावरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये तानपुरा जास्त ठेव, स्वतःचा आवाज कमी. आपलाच आवाज मोठ्यानं ऐकू आला की आपण त्याच्याच मागं लागतो आणि सूर बाजूला राहतो.

पहिल्या दोन आवर्तनांत घसा कोरडा होता. नंतर मंद्र निषाद लागला, तानपुऱ्यात मिसळला आणि त्यापुढं समोर कोण बसलंय याचा विचारच आला नाही. पंचमावर पोचलो तेव्हा तबल्यावरचा मित्र माझ्याकडे बघून हसला. मग समेवर आम्ही दोघं असे आलो की मागच्या रांगेतून दाद आली. त्या एका समेसाठी सगळे महिने पुन्हा काढायची माझी तयारी आहे.

त्यानंतर तोंडी परीक्षा. बंदिशींची स्वरलिपी परीक्षकांनी नजरेखालून घातली, कोमल स्वरांखालच्या रेघा आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ तेवढी तपासली. मग बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “आता याच षड्जावर तोडी दाखवा.” मुलतानी अंगात भिनलेला असताना तोडी! मी डोळे मिटून धैवत आणि गंधार धरले, कारण तोडीचे वादी-संवादी तेच, आणि ‘रे ग रे सा’ करत रिषभाला हवं तेवढं थांबू दिलं. त्यांनी लगेच पुन्हा मुलतानीत यायला सांगितलं. निषादावरून उचललं आणि परत आलो. तुझ्या रागाचा असा शेजारी कोण, ते आत्ताच हेरून ठेव आणि दोन्हींत जा-ये करण्याचा रियाझ कर. हा प्रश्न हमखास येतो.

गुणपत्रक अजून हाती यायचंय. मॅडम बाहेर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, विलंबित छान झालं, द्रुतातल्या ताना अजून मोकळ्या व्हायला हव्यात. ते खरंच आहे, आणि कालपासून तेच घेऊन बसलोय.

तुझी तारीख आणि वेळ कळली की ताबडतोब लिही, म्हणजे राग ठरवता येईल. मागं तानपुऱ्याला मीच बसणार, दुसऱ्या कुणाला विचारू नकोस.

तुझाच,
मित्र