कानाचं सगळंच 'नऊ'वर टाकू नका : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय लोक स्वास्थ्य व चिकित्सा शिक्षा मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

सादर नमस्कार.

हेच पत्र हिंदीतून आपल्या कार्यालयाला पाठवलं आहे. मराठीतून इथे मांडते आहे, कारण रामबागेतल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी आपलं कमी ऐकू येणं वयावर ढकलून दिलं आहे. त्यांनीही हे वाचावं.

मी इंदूरच्या एका खासगी इस्पितळात मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते. डॉक्टरांनी केस शीटवर किंवा ओपीडीच्या पर्चीवर लिहिलेल्या निदानाला आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला, कोड लावणं हे माझं काम. कानाचे आजार त्यात एच ६० ते एच ९५ या खणांत येतात. यातल्या बहुतेक खणांच्या तळाशी एक ९ असतो. त्याचा अर्थ 'तपशील दिलेला नाही'. पर्चीवर काहीच धड नसलं की आमच्यात म्हणतात, "नऊवर टाक."

कान वर्षानुवर्षं वाहतो त्याचंच घ्या. एका प्रकारात पडद्याला भोक असतं, सर्दी झाली की कान वाहतो, औषधानं थांबतो. त्याचा कोड ६६.१. दुसरा प्रकार वरच्या पोकळीतला. त्यात बऱ्याचदा कोलेस्टिटोमा, म्हणजे कानात वाढणारा कातडीचा गोळा, हाड कुरतडत जातो; तोंड वाकडं होऊ शकतं, पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याचा कोड ६६.२, आणि कोलेस्टिटोमा स्पष्ट लिहिला तर एच ७१. कान-नाक-घशाचे डॉक्टर आपसात याला 'सेफ' आणि 'अनसेफ' म्हणतात. बोलताना म्हणतात, पण कागदावर मात्र चारच अक्षरं उतरतात : सीएसओएम, म्हणजे नुसतं 'जुना वाहता कान'. मग मला ते ६६.३ मध्ये, म्हणजे 'इतर'च्या गाठोड्यात बांधावं लागतं. नुसतं 'ओटायटिस मीडिया' (मधल्या कानाची सूज) लिहिलं असेल तर सरळ ६६.९. वर्षअखेरीस आकडे वरच्या कार्यालयात जातात तेव्हा कुणाचा कान कापसाच्या बोळ्यावर भागणारा होता आणि कुणाला तातडीनं ऑपरेशन हवं होतं, ते त्यातून कुणालाच कळत नाही.

बहिरेपणाची गोष्ट मला जास्त बोचते.

पीथमपूरच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनांवर, काम करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. वय चाळिशीचं. पर्चीवर दोनच शब्द होते, 'हिअरिंग लॉस'. मी एच ९१.९ लावला आणि पुढची पर्ची घेतली. महिन्याभरानं ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "मॅडम, इसमें कहीं लिखा है क्या, मशीन की आवाज़ से हुआ?" कुठेही लिहिलं नव्हतं. फाइलमध्ये ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा ग्राफ, चिकटवलेला होता, आणि चार हजार हर्ट्झच्या जागी रेघ खड्ड्यात उतरावी तशी उतरलेली. आवाजानं खराब झालेल्या कानाची ही ओळखीची खूण. पण ग्राफ पाहून निदान लिहायचा अधिकार कोडरला नाही, आणि नसावाच. आवाजाच्या परिणामासाठी एच ८३.३ हा वेगळा कोड आहे. डॉक्टरांनी तसं लिहिलं तरच मी तो लावू शकते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं असं बहिरेपण कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत घातलं. पण पर्चीवर नसलेला आजार कोण कुणाला कळवणार?

माझे बाबा इथल्याच एका कापडमिलमध्ये लूमवर होते. त्यांना दोन हाका मारायच्या, तिसऱ्या वेळी आई खांद्याला हात लावायची. त्यांचं बहिरेपण कुठल्याच कागदावर नाही, नऊवरसुद्धा नाही.

टीबीच्या इंजेक्शनांनी जाणाऱ्या कानाचंही तसंच. औषधाचं नाव लिहिलं तर एच ९१.०, नाही तर पुन्हा नऊ.

आता डावा-उजवा. आपल्याकडच्या आयसीडी-१० मध्ये एच ९० या बहिरेपणाच्या खणाखाली एक कान की दोन्ही, एवढं सांगता येतं. कोणता, ते नाही. अमेरिकेनं आपल्या आवृत्तीत ती सोय करून घेतली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही बाजू जोडता येते. आपण तिथे पोचेपर्यंत पेनानं लिहिलेली बाजू हाच एकमेव पुरावा. आयुष्मानच्या क्लेममध्ये टिम्पॅनोप्लास्टीच्या, म्हणजे कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनच्या, कागदावर बाजू नाही म्हणून फाइल परत आलेली मी पाहिली आहे. पेशंट बिचारा उपाशीपोटी पलंगावर. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांचं मोजमाप लागतं : ६० ते ७० डेसिबलला श्रवणदोष, ७० ला बहिरेपण. पर्चीवर एकाच कानाचा उल्लेख असला तर माणूस प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालत राहतो.

माझं मागणं नव्या सॉफ्टवेअरचं नाही. सॉफ्टवेअरमध्येही लोक नऊच निवडतात, तो यादीत पटकन सापडतो. कानाच्या पर्चीवर चार रकाने छापून द्या : बाजू, प्रकार, केव्हापासून, आणि कामधंदा. छपाई जमत नसेल तर रबरी शिक्का चालेल. आणि रकाना रिकामा असला तर कोडरनं डॉक्टरला लेखी विचारावं आणि डॉक्टरनं ठरावीक दिवसांत उत्तर द्यावं, असा एक आदेश काढा. आज मी विचारायला गेले तर ओपीडीत साठ लोक ताटकळत असतात आणि मलाच अपराध्यासारखं वाटतं. डॉक्टरांवर राग नाही माझा. साठ पेशंट तपासणाऱ्याला चौथा शब्द लिहायला वेळ कुठून मिळणार? पण छापील चौकोनात खूण करायला तेवढा वेळ लागत नाही.

पीथमपूरचे ते गृहस्थ नंतर दोनदा आले. दुसऱ्यांदा डॉक्टर भेटले, त्यांनी जुना ऑडिओग्राम पाहिला, कामाची चौकशी केली आणि खाली एक ओळ लिहून सही केली. मी ९१.९ खोडून ८३.३ केला. त्या एका ओळीपायी त्यांचे तीन दिवसांचे पगार कापले गेले.

आपली,
एक मेडिकल रेकॉर्ड कर्मचारी
रामबाग, इंदूर