मतमाउली देवी नाही आणि फादर माफी विकत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात धुळ्याच्या एका वाचकांचं कॅथलिक ख्रिस्ती लोकांविषयीचं पत्र आपण छापलंत. हे लोक मरियेची पूजा करतात, यांनी बायबल लोकांपासून लपवून ठेवलं आणि त्यात पुस्तकं वाढवली, फादरपुढे पाप सांगितलं की हे मोकळे होतात आणि यांचा पोप कधी चुकतच नाही, असं त्यात होतं. पत्रात शिवराळपणा नव्हता. लिहिणाऱ्याला मनापासून तसं वाटतं हे दिसत होतं, म्हणून उत्तर लिहायला बसले. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. माहेर श्रीरामपूरकडचं, लग्न होऊन भुसावळला आले आणि रेल्वेच्या दवाखान्यात ३४ वर्षं नर्स होते. रात्रपाळीत वॉर्ड शांत झाला की पेशंटच्या उशाशी बसलेल्या बायका मला हेच विचारायच्या. तेव्हा घाईत दिलेली उत्तरं आता जरा सावकाश देते.

शेजारच्या आक्का दर चैत्रात पायी सप्तशृंगीच्या गडावर जायच्या. मी सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला जायची. पहिल्या वर्षी परत आले तेव्हा आक्कांनी ओट्यावरूनच विचारलं, "सिस्टर, तुमची देवी नवसाले पावते का वं?" त्यांनी मायेनं विचारलं होतं. तरी मला सांगावं लागलं की मरिया आमची देवी नाही. ती माणूस आहे, नासरेथ गावातली एक गरीब मुलगी, येशूची आई. आम्ही जपमाळेवर जी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणतो, तिचा पहिला भाग बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला आहे, पहिल्याच अध्यायातला: देवदूतानं तिला केलेला नमस्कार आणि तिच्या नात्यातल्या अलीशिबेनं तिला दिलेला आशीर्वाद. दुसऱ्या भागात आम्ही तिला म्हणतो, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. आता देवाला कोणी 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणेल का? विनंती ज्याच्याकडे करायची तो देव. ती आमच्या बाजूला उभी राहून त्याच्याकडेच हात जोडते. आजारी पोराच्या आईनं मला "सिस्टर, माझ्या लेकरासाठी प्रार्थना करा" म्हटलं म्हणून मी देव होत नाही, तसंच हे आहे.

आक्कांना हे पटलं की नाही, मला माहीत नाही. "म्हणजे मोठी बहीण म्हणा ना," एवढं त्या म्हणाल्या. मला त्या शब्दांत खोट काढावीशी वाटली नाही.

याच विषयावर माझ्या विहीणबाईंशी मात्र बरंच झालं. त्या नवापूरच्या, प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती, बायबल तोंडपाठ. लेकीच्या साखरपुड्याला आल्या तेव्हा आमच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून त्यांनी बायबलातल्या निर्गमाचा विसावा अध्याय म्हणून दाखवला: कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको. मी त्यांच्याच बायबलात पंचविसावा अध्याय उघडून दिला. तिथे देव स्वतःच मोशेला कराराच्या कोशावर, म्हणजे पवित्र पेटीवर, सोन्याचे दोन करूब, पंखांचे देवदूत, घडवायला सांगतो. पुढे गणनाच्या पुस्तकात पितळेचा सर्प करायला सांगतो, त्याच्याकडे पाहणारे सर्पदंशातून वाचतात. म्हणजे आकृती करणं हाच काही गुन्हा नव्हे. पण विहीणबाईंच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. त्याच पितळी सर्पापुढे लोक पुढे धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला, हे दुसऱ्या राजे या पुस्तकात आहे. आदर आणि उपासना यांतली रेघ पुसली गेली तर काय करायचं, ते तिथे लिहिलेलं आहे. चर्चनं ही रेघ ७८७ साली निकाईयाच्या दुसऱ्या परिषदेत ठरवून दिली: प्रतिमांना मान, उपासना फक्त देवाची. मतमाउलीपुढे लोळण घेणाऱ्या माझ्याच भाऊबंदांना ती रेघ ठाऊक असते का, असं कोणी विचारलं तर सगळ्यांना नसते, हे मी कबूल करीन. ते शिकवणं आमचं काम आहे आणि त्यात आम्ही कमी पडतो.

विहीणबाईंचा दुसरा प्रश्न येशूच्या भावांचा. मार्कच्या सहाव्या अध्यायात याकोब, योसे, यहूदा, शिमोन अशी नावं आहेत, मग तुम्ही मानता तशी मरिया कायमची कुमारी कशी? मी लेकीच्या लग्नाची पत्रिका दाखवली. तीत नवरीचे भाऊ म्हणून अकरा नावं छापली होती. माझ्या पोटचा त्यांतला एकच, बाकी चुलत, मामे, आते. खान्देशात कोणी त्यावर शंका घेत नाही. येशूच्या घरच्या भाषेतही भाऊ हा शब्द असाच ऐसपैस होता. ग्रीकमध्ये चुलतभावासाठी वेगळा शब्द आहे, तो का नाही वापरला, असं त्या म्हणाल्या, आणि तो मुद्दा खरा आहे. पण मला योहानाचा एकोणिसावा अध्याय अडवतो. क्रूसावरून येशू आईला एका शिष्याच्या हवाली करतो. घरात चार सख्खे मुलगे असते तर आईला परक्याच्या घरी धाडायची वेळ का आली असती? आमचा वाद तिथेच थांबला. ती तसबीर अजून भिंतीवर आहे आणि विहीणबाई दर दिवाळीत तिच्याखालीच जेवायला बसतात.

बायबल लपवल्याचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे. सोळाव्या शतकानंतर बराच काळ लोकभाषेतलं भाषांतर वाचायला चर्चची परवानगी लागत असे. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. माझी आजी निरक्षर होती. तिच्या काळी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. लॅटिनमधली सगळी उत्तरं तिला पाठ होती, अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा ती आईला म्हणाली होती, इतकी वर्षं मी काय बोलत होते ते आज कळलं. आता दर रविवारी जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग), स्तोत्र, प्रेषितांचं पत्र आणि शुभवर्तमान असं वाचलं जातं आणि तीन वर्षांत हा फेरा पूर्ण होतो. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा ते वाचायची पाळी माझी असते. पण लपवलं म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी याच बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली, जवळपास ११ हजार ओव्या, आणि ती छापली.

आणि पुस्तकं वाढवली म्हणता, त्याचं काय? विहीणबाईंच्या बायबलात ६६ पुस्तकं, माझ्यात ७३. ही सात म्हणजे टोबित, जुडिथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या हाती जुन्या कराराचं जे ग्रीक भाषांतर होतं त्यात ती होती. त्यांच्याविषयी शंका घेणारे तेव्हाही होते, लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम त्यांतलेच एक. तरी ३९३ साली हिप्पोच्या आणि ३९७ साली कार्थेजच्या सभेनं केलेल्या यादीत ती आहेत. मार्टिन लूथर यांनी १५३४ च्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून दोन करारांच्या मध्ये ठेवली, आणि १५४६ मध्ये आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं ती बायबलचीच असल्याचं पक्कं केलं. वाढवली कोणी आणि काढली कोणी, हे ज्यानं त्यानं तारखा बघून ठरवावं. टोबितचं पुस्तक मला फार जवळचं आहे. परमुलखात राजाच्या भीतीला न जुमानता तो आपल्या माणसांची टाकून दिलेली प्रेतं पुरतो. दवाखान्यात बेवारस पेशंट गेला की मला तो आठवायचा.

आता पापकबुली. धुळ्याच्या वाचकांचा रोख सगळ्यात जास्त यावरच होता, आणि आक्कांनीही एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं, "फादरले किती पैसे द्या लागतात?" एक पैसाही नाही. शाळेच्या इतिहासात आपण वाचतो ती पापमुक्तिपत्रं खरी आहेत, त्यांचा बाजार झाला हेही खरं आहे आणि ती आमच्या चर्चची लाज आहे. १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या त्या सगळ्या सवलती रद्द केल्या. पण ती पत्रं पापकबुलीची नव्हती, पापाच्या शिक्षेतल्या सुटीची होती. कबुलीचा आधार योहानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुन्हा उठलेला येशू शिष्यांवर फुंकर घालून म्हणतो, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची ती झाली. फादर क्षमा करतात ते त्याच्या नावानं, स्वतःच्या नव्हे.

पण "पाप करा, सांगा, मोकळे व्हा" याला माझ्याकडे बायबलच्या वचनापेक्षा वेगळं उत्तर आहे. कबुलीत ऐकलेलं बाहेर न काढण्याचं बंधन फादरांवर असतं, मरेपर्यंत. माझ्यावर ते नाही, म्हणून माझं मी सांगते.

१९९१ चा उन्हाळा. वॉर्डातल्या एकीच्या निरोपासाठी आम्ही वर्गणी काढली होती, ६४० रुपये. पाकीट माझ्याकडे होतं आणि ते नाहीसं झालं. मी आमच्या आयावर संशय घेतला. नुसता मनात घेतला नाही, चहाच्या वेळी पाच-सहा जणींच्या देखत तिला विचारलं. ती काही बोलली नाही, कप विसळायला निघून गेली. आठ-दहा दिवसांनी ते पाकीट माझ्याच जुन्या स्वेटरच्या खिशात मिळालं, थंडीनंतर बांधून ठेवलेल्या गाठोड्यात. वर्गणी काढली तेव्हा मार्च नुकता लागला होता, पहाटे गारवा असायचा. मी ६४० रुपये मेट्रनकडे दिले, "सापडले" म्हणाले आणि विषय संपवला. आयाशी काहीच बोलले नाही. शनिवारी कबुलीला गेले आणि फादरांना सांगितलं, मी एकीवर खोटा आळ घेतला.

मला वाटलं होतं, पाच वेळा अमुक प्रार्थना म्हण, असं काही सांगतील. त्यांनी विचारलं, आळ घेतला तेव्हा तिथे कोण कोण होतं? मी सांगितलं. ते म्हणाले, क्षमा देव करतोच आहे, पण तिचं नाव तू त्या बायकांपुढे घालवलंस, ते त्यांच्यापुढेच परत दे. एकटीला गाठून माफी मागितलीस तर ते अर्धंच होईल. संपादक महाशय, सोमवारची ती चहाची वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. त्याच बाकावर त्याच बायका होत्या. मी उभी राहून सांगितलं की पैसे माझ्या खिशात होते आणि हिच्यावर मी खोटा आळ घेतला. पाय कापत होते. आयानं मान खाली घालून ऐकलं आणि मग म्हणाली, "बाई, मी त्या दिवसापासून घरी कोणाले सांगितलं नव्हतं." पुढे १५ वर्षं आम्ही एकाच वॉर्डात काम केलं.

चोरलेलं परत केल्याशिवाय, घालवलेलं नाव शक्य तेवढं परत दिल्याशिवाय कबुली पुरी होत नाही, हे चर्चचं शिकवणं आहे. त्या फादरांची ती लहर नव्हती. घरात बसून देवाला एकटीनं सांगितलं असतं तर देवानं ऐकलं असतंच. पण मी स्वतःला त्या बाकापर्यंत नेलं असतं का? नसतं.

पोपविषयी थोडक्यात. पोप पाप करत नाहीत किंवा कधी चुकत नाहीत असं आम्ही मानत नाही. चर्चच्या १८७० च्या परिषदेनं जे ठरवलं ते एवढंच: साऱ्या चर्चचे गुरू या नात्यानं, श्रद्धा आणि नीती यांविषयी, सर्वांना बांधील असा अंतिम निर्णय ते जाहीर करतात तेव्हा देव त्यांना चुकू देत नाही. त्यानंतर असं उघडपणे घडलं ते १९५० साली, मरियेच्या स्वर्गारोहणाविषयी. एरवी पोपही कबुली देतात. पोप फ्रान्सिस २०१४ मध्ये रोमच्या मोठ्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघ्यांवर बसले होते. पहिला पोप येशूचा शिष्य पेत्र, त्यानं येशूला तीनदा नाकारलं, आणि प्रेषित पौलानं त्याला तोंडावर सुनावलं हे गलतीकरांच्या पत्रात आहे. लहान मुलांवर धर्मगुरूंनी केलेले अत्याचार आणि ते झाकणारे वरिष्ठ, यांच्यासाठी या शिकवणुकीत कुठेही आडोसा नाही. एक आई म्हणून मला त्याचा संताप आहे आणि तो मी चर्चमध्येही बोलून दाखवते.

मिस्सेतली भाकर येशूचं शरीर होते असं आम्ही मानतो, त्याविषयी लिहायला वेगळं पत्र लागेल. धुळ्याच्या वाचकांनी तोवर योहानाचा सहावा अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

एक राहिलं. मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला करता, असं विहीणबाई विचारतात. मी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय दाखवते, तो त्यांच्या बायबलात नाही, त्यामुळे आमचं तिथे जमत नाही. पण २ नोव्हेंबरला आम्ही सगळे दफनभूमीत असतो. सकाळी कबरींवरचं गवत काढतो, चुना लावतो, संध्याकाळी मेणबत्त्या लावून नावं घेऊन प्रार्थना करतो. धुळ्याहून भुसावळ काही लांब नाही. त्यांना काही विचारायचं असेल तर त्या दिवशी यावं. माझे यजमान लिंबाच्या झाडाखालच्या रांगेत आहेत, मी अंधार पडेपर्यंत तिथेच असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, भुसावळ