शौचालयाची किल्ली कुणाच्या हाती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबरच्या हात धुवा दिनाची छायाचित्रे आपल्या दैनिकात पाहिली. साबणाच्या फेसाने भरलेले तळवे पुढे धरून उभी असलेली मुले पाहून बरे वाटले. तसेच एक छायाचित्र आमच्या शाळेनेही काढले आणि वर पाठवले. त्या दिवशी मुलांच्या हातांवर पडलेले पाणी मी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी शेजारच्या मळ्यातल्या बोअरवरून कळशीने आणले होते. ते छायाचित्रात येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी माणदेशातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोकरीला २२ वर्षे झाली, त्यातली नऊ इथेच. पहिली ते चौथी, पट ४१, त्यात मुली १९. शिक्षक दोघे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. आमच्या भागात डाळिंबाला ठिबकने मोजून पाणी देतात आणि घरातही हंडे मोजूनच दिवस काढतात. पाणी जपून वापरा, हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. मला त्यांना पाणी प्या, हे शिकवावे लागले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तिसरीतली एक मुलगी रोज साडेबाराच्या सुमारास सतरंजीवरच डोके टेकून बसायची. सर तिला माझ्याकडे पाठवायचे. डोके दुखते, पोटात कळ येते, एवढेच सांगायची. आई-बाप सकाळी सातलाच मजुरीला जातात, तेव्हा पोर उपाशीपोटी येत असेल, असे मी धरून चालले आणि शेंगदाण्याची चिक्की जवळ ठेवू लागले. चिक्की खायची, पण दुखणे तसेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्यांनी डोळे तपासले होते, नजर चांगली होती. एके दिवशी शाळा सुटताना तिचे दप्तर उचलून दिले, तर ते जड लागले. आतली पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. दुसऱ्या दिवशीही तीच गत. विचारले तर मान खाली. शेवटी तिची मैत्रीण बोलली, "बाई, ती शाळेत पाणीच पीत न्हाय. पेलं की एकीला जावं लागतंय."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुले खेळायला गेल्यावर मी सगळ्या मुलींना लिंबाखाली बसवले आणि शाळेच्या वेळात लघवीला कोण कोण जाते ते विचारले. पाच हात वर झाले. त्या पाचही जणींची घरे शाळेच्या मागेच आहेत, त्या जेवणाच्या सुट्टीत पळत घरी जाऊन येतात. उरलेल्या १४ जणी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत रोखून धरतात. पहिलीतल्या दोघींनी तर आईनेच पाणी पिऊ नको म्हणून बजावल्याचे सांगितले. आईचे तरी काय चुकले? पोरीने कपडे ओले केले तर वर्ग हसणार, हे तिला स्वतःच्या शाळेपासून माहीत असणार. मी नऊ वर्षे या मुलींच्या शेजारी बसत होते. गुणाकाराच्या पाढ्यात कोण कुठे अडखळते ते मला पाठ होते आणि हे माहीत नव्हते. याचे मला फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

शाळेत मुलींचे स्वतंत्र शौचालय नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते बंधनकारक आहे. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळे शौचालय बांधण्याची घोषणा झाली, त्यानंतरच्या वर्षी आमच्याकडे ते उभेही राहिले. बाहेरून गुलाबी रंग, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रे. पण दाराला कुलूप. कुलपाचा दोष मी सरांना देत नाही. रात्री-बेरात्री बाहेरचे लोक वापरून घाण करून जायचे, एकदा भांडे फोडले, एकदा तोटी काढून नेली. म्हणून कुलूप लागले आणि किल्ली हजेरीपटाच्या कपाटात गेली. आता नऊ वर्षांच्या मुलीने भरल्या वर्गात उठायचे, सरांपुढे जाऊन किल्ली मागायची, सगळ्यांच्या देखत ती घेऊन जायची आणि परत आणून द्यायची. कोण जाईल? मी तिच्या जागी असते तर गेले नसते.

गेलीच एखादी, तर आत पाणी नाही. छतावरची टाकी कोरडी, कारण पाइप उन्हाने तडकलेला. २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची १०० दिवसांची मोहीम झाली, तेव्हा आमच्या आवारातही नळ आला. त्याला आठवड्यातून दोनदा पाणी येते, तेही पहाटे पाचला, शाळेला कुलूप असताना. आतली कडी मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशी आणि गंजलेली. तेव्हा एकीने जायचे म्हणजे दुसरीने बाहेरून दार धरायचे. पाय ठेवायच्या जागांमधले अंतर मोठ्यांच्या हिशेबाने. पहिलीतले लेकरू तिथे बसताना पडायलाच घाबरते. ज्याने नकाशा काढला त्याने सहा वर्षांच्या मुलीला एकदा तरी शेजारी उभे करून पाहायला हवे होते.

आणि सफाई? प्राथमिक शाळेला शिपाई नाही, सफाई कामगार नाही. मुलांना हे काम सांगायचे नाही, हे आम्हा दोघांचे पक्के ठरलेले आहे. ग्रामस्थांच्या बैठकीत कुणीतरी सहज म्हणाले, "त्या अमक्याच्या बायकोला सांगा की, ती करंल." ते घर कोणत्या समाजाचे होते, हे वाचकांना सांगावे लागू नये. मी तिथेच उभी राहून म्हटले की, ज्याला सांगायचे त्याला पैसे देऊन आणि विचारून सांगू, नाहीतर मी करीन. मग बरेच महिने मीच केले. त्याची मला लाज नाही. पण मी ब्रश घेऊन आत असते तेव्हा पहिली-दुसरीच्या वर्गावर कुणीही नसते.

पुढे आम्ही जे केले त्यात मोठे काही नाही. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगातून येणाऱ्या पैशांत पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामाला वापरायचा, निधी होता. सरपंचांकडे चार खेपा घातल्यावर त्यातून पाइप बदलून मिळाला. शेजारच्या घरातल्या आजी पहाटे उठतातच. त्या आता पाणी आले की कॉक उघडून टाकी भरतात. टाकी रिकामी असेल तेव्हासाठी दाराबाहेर २०० लिटरचा पिंप ठेवला, त्याला मुलांच्या कमरेच्या उंचीवर तोटी बसवली. गावच्या सुताराने आत खालच्या बाजूला नवी कडी ठोकून दिली आणि पैसे घेतले नाहीत. साबण जुन्या मोज्यात घालून तोटीशेजारी टांगला, त्यामुळे तो चिखलात पडत नाही आणि कुणी नेतही नाही. कुलूप आता शाळा सुटल्यावरच लागते. किल्ली कपाटातून काढून व्हरांड्यातल्या खिळ्यावर आली. तो खिळा पहिलीतल्या सर्वात बुटक्या मुलीचा हात पोचेल इतक्या उंचीवर आहे, तिलाच उभी करून मी तो ठोकून घेतला.

केरळमध्ये २०१९ मध्ये शाळांतून पाण्याची घंटा सुरू झाली. ठरावीक वेळी घंटा होते आणि सगळी मुले पाणी पितात. ती आम्हीही घेतली, दिवसातून तीनदा. पण तिला एक जोड दिली. पाणी पिऊन झाले की सगळ्यांनाच पाच मिनिटे सुट्टी, आधी मुली, मग मुलगे. कुणी कुणाला विचारायचे नाही, कुणी हात वर करायचा नाही. ज्या शाळेत शौचालय बंद आहे तिथे पाण्याची घंटा वाजवणे म्हणजे लेकरांचा छळच, हे जिथे जिथे ही घंटा सुरू होते आहे तिथल्या शिक्षकांनी कृपा करून ध्यानात घ्यावे.

आरोग्य पथक पुन्हा आले तेव्हा मी त्यातल्या डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्यांनी मुलींशी एकेकीला बसवून बोलणे केले. चौघींना लघवीला जळजळ होत होती. कुणीही घरी बोलले नव्हते. त्यांना तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवले, दोघींना औषध सुरू झाले. दिवसभर पाणी न पिता रोखून धरल्याने हे दुखणे वाढते, हे डॉक्टर बाईंनी पालक सभेत येऊन सांगितले, तेव्हा मागे बसलेल्या दोन-तीन आया पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघत होत्या. त्यांनाही काही आठवले असेल.

तिसरीतली ती मुलगी आता चौथीत आहे. तिची डोकेदुखी जादूने गेली, असे मी म्हणणार नाही, अजूनही एखाद्या दिवशी येते. पण बाटली रिकामी होऊन घरी जाते आणि खिचडीच्या ताटावर ती पूर्वीसारखी नुसती बसून राहत नाही. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरवून दिलेले आहे, त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ तोलून शिजतो. तो तोलून दिलेला घास ज्या हाताने खायचा तो हात कशाने धुवायचा, याचा हिशेब कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही. दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला आम्ही जंताची गोळी चघळायला लावतो. तीही हवीच. पण गोळी देऊन त्याच मुलांना उघड्यावर पाठवायचे आणि बिनसाबणाच्या हातांनी जेवायला बसवायचे, मग सहा महिन्यांनी पुन्हा गोळी द्यायची, यात जंत काही हटत नाहीत.

आता पैशाचे बोलते, कारण गाडी तिथेच अडते. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान असते. ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे, म्हणजे २,५०० रुपये. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरते, तेव्हा दिवसाला साडेबारा रुपये झाले. यात फिनेल, साबण, ब्रश आणि माणसाची मजुरी बसवून दाखवा. १० टक्के ही कमीत कमी मर्यादा आहे, जास्त खर्चायला बंदी नाही, हे मलाही कळते. पण उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, किरकोळ दुरुस्त्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा खर्च असतो. शिवाय आमच्या अनुभवात हा पैसा जूनमध्ये कधी हातात पडत नाही, वर्ष सरता सरता तुकड्यांनी येतो. शौचालय मात्र जूनच्या पहिल्या दिवसापासून लागते.

एक कबुलीही दिली पाहिजे. यू-डायस म्हणजे शाळांनी दरवर्षी सरकारला भरून द्यायच्या माहितीत शौचालय आहे का, ते चालू आहे का, असे विचारतात. कुलूप होते त्या वर्षांतही आम्ही 'होय' लिहिले. भांडे होते, दार होते, कुणी खोटे म्हणू शकले नसते. 'नाही' लिहिले असते तर खुलासा आम्हालाच द्यावा लागला असता, दुरुस्तीचा पैसा आला असता की नाही कुणास ठाऊक. अशी 'होय' किती शाळांनी लिहिली असतील ते मी सांगू शकत नाही. माझे एक तरी त्यात होते.

म्हणून शिक्षण खात्याला आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांना माझी विनंती आहे. शौचालयाच्या रोजच्या सफाईसाठी प्रत्येक शाळेला दरमहा ठरलेली रक्कम द्या, बांधकामापेक्षा वेगळी, आणि ती जूनच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर टाका. रोज अर्धा तास काम करणाऱ्या माणसाला रास्त मजुरी मिळेल इतकी ती असावी. बोलक्या भिंती रंगवायला लोकवर्गणी मिळते, दात्यांची नावे भिंतीवर लिहिता येतात. सफाईच्या मजुरीला दाता मिळत नाही, तिथेच सरकारने उभे राहायचे असते. आणि शाळाभेटीला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने, मग ते केंद्रप्रमुख असोत की त्यांच्या वरचे, शेरेबुक मागवण्याआधी स्वतः जाऊन मुलींच्या शौचालयाचे दार उघडावे, तोटी फिरवावी आणि पाणी आले की नाही तेवढे आमच्या शेरेबुकात लिहावे. सोबत एखाद्या महिला कर्मचाऱ्याला आणून मुलींशी दहा मिनिटे बोलायला बसवले तर फारच बरे.

पालकांनाही सांगणे आहे. संध्याकाळी मुलीची बाटली हातात घेऊन बघा. भरलेली असेल तर तिला रागावू नका, शाळेत या.

गेल्या आठवड्यात आमचा पाइप जोडावर पुन्हा निखळला. टाकी आत्ता रिकामी आहे. मिस्त्री गुरुवारी येतो म्हणाला आहे. तोवर पिंप भरायला ताई आणि मी साडेनऊलाच शाळेत येतो, कारण पहिली पाण्याची घंटा अकराला आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, माणदेश