सोयाबीन पारंपरिक कधीपासून झाले?

मा. संपादक,

कालच्या कृषी पानावरची ‘पारंपारिक सोयाबीनला फाटा’ ही यशकथा वाचली. सोयाबीन सोडून ड्रॅगन फ्रूट लावणाऱ्या त्या तरुणाचे मनापासून अभिनंदन. त्याचे खांब उभे करायला पैसा लागतो, हिंमतही लागते. माझा राग मथळ्यातल्या पहिल्या शब्दावर आहे.

सोयाबीन कोणाच्या परंपरेतले? मी लातूर जिल्ह्यातला, वय ६८. आमच्या शिवारात सोयाबीन आले ते १९९० नंतर. त्याआधी खरिपात ज्वारी, तूर, मूग, उडीद आणि रब्बीत शाळू, करडई, जवस. पेरणीला वडील तिफण हाकायचे, आई मागून बी सोडायचे चाडे धरून चालायची. ज्वारीत तुरीच्या ओळी ठरलेल्या असत. करडईचे तेल घाण्यावरून घरी यायचे, कडब्यावर जनावरांचे वर्ष निघायचे. सोयाबीनने पैसा दिला, आमच्या मुली त्यावरच शिकल्या. ते मी नाकारत नाही. पण त्याने हे सगळे मोडले. जे पीक काल आले त्याला तुम्ही पारंपरिक म्हणता, मग ज्वारीला काय म्हणणार? ‘नेहमीचे पीक’ म्हणा, ‘रूढ’ म्हणा. शब्द आहेत.

पाठ्यपुस्तकांतही हेच. कोळसा ‘पारंपरिक’ ऊर्जा आणि ऊन-वारा ‘अपारंपरिक’! खळ्यावर वारा सुटायची वाट बघत, सुपाने धान्य उफणणारी माणसे मी पाहिली आहेत. मला हे वाचवत नाही.

आणि निदान शब्द तरी नीट छापा. ‘परंपरा’ला ‘इक’ लागला की पहिल्याच अक्षराला काना येतो: समाज–सामाजिक, तसे परंपरा–पारंपरिक. पुढच्या ‘प’ला काना नाही. गेल्या वर्षी माझ्या नातीने निबंधात बरोबर लिहिले, तर शिक्षकांनी लाल शाईने काना वाढवला आणि गुणही कापला. मी विचारायला गेलो. त्यांनी टेबलावरचा पेपर पुढे केला, “काका, पेपरात तर असंच असतं.” पेपर तुमचाच होता. समोर छापलेले दिसत असताना मी काय बोलणार?

नात आता काना देऊनच लिहिते.

आपला,
एक जुना वाचक, जि. लातूर